पुढची जागा, खिडकीची

सोमवार, १७ मार्च
दुपारी, कामाच्या टेबलावरूनच

ताई,

नमस्कार. तू बरी असशील, इकडे मी बरी आहे, आणि रीतीचं एवढं पुरे. आता ऐक. मी केस हरले! साफ हरले, चारी मुंड्या चीत. आणि शुक्रवारपासून इतकी आनंदात आहे की आज सकाळी एका आजोबांच्या कवळीला खालचे दात वर लावून बसले. मालक म्हणाले, "बाई, आज घरी जा." मी गेले नाही. तुला पत्र लिहायला बसले.

थांब, फाडू नकोस. आधी माझा मुद्दा ऐकून घे. नऊ वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, "'येते' म्हणून मला पुन्हा फोन करू नकोस." शब्द मला जसेच्या तसे आठवतात. फोन, असं तू म्हणालीस. पत्राबद्दल तू चकार शब्द काढला नव्हतास. तेव्हा हे पत्र नियमात बसतं. गेले चार महिने मी नियमांतच जेवते आणि नियमांतच झोपते, त्यामुळे पळवाटा लगेच दिसायला लागल्यात.

पहिल्यापासून सांगते. ऑक्टोबरात मावशीचा फोन आला. म्हणाली, तुझे वरचे सगळे दात काढले, तिथल्या डॉक्टरने दिलेली कवळी तुला बसत नाही, बोलताना तू तोंडावर हात धरतेस आणि बाहेर जाणंच सोडलंयस. ताई, मी बावीस वर्षं लोकांच्या कवळ्या करते. या शहरातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात. आणि माझ्या सख्ख्या बहिणीने तोंडावर हात धरायचा? माझं डोकंच फिरलं. फोन ठेवला आणि तडक विमानाचं तिकीट काढलं, आयुष्यातलं पहिलं. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू "नको" म्हणाली असतीस, आणि तुझ्या "नको"पुढे माझं कधी काही चाललंय का?

बॅग भरली. मापाचे ट्रे, मेण, नमुन्याचे दात, आणि माप घ्यायची पावडर दोन किलो. पावडर पांढरी असते, हे मी बावीस वर्षांत विसरून गेले होते. विमानतळाच्या दारातच तपासणीवाल्याने बॅग उघडली.

"हे काय?"

"दात."

"आणि हे पांढरं?"

"तेही दातांचंच."

त्याने दोन वरिष्ठांना बोलावलं. मी बाटलीतल्या पाण्यात पावडर कालवली आणि त्यांच्यातल्या थोरल्याच्या अंगठ्याचा साचा तिथल्या तिथे काढून दाखवला. मग कुठे सुटका झाली. साचा त्याने ठेवून घेतला, नातवाला दाखवतो म्हणाला.

एवढं करून धापा टाकत काउंटरवर पोचले तर रांगच नाही. चिटपाखरू नाही. मला वाटलं, मीच फार लवकर आले. काउंटरवरच्या मुलीने माझा कागद पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, हे विमान रद्द झालंय."

"रद्द? आणि मला कुणी सांगितलं नाही ते?"

"आम्ही सगळ्यांना कळवलं होतं मॅडम. तुमच्या नावावर उद्या सकाळची—"

"उद्याचं उद्या बघू! आज काय ते लेखी द्या."

"हो, पण उद्याची तुमची—"

"लेखी!"

माझ्या जिभेचा पट्टा सुटला म्हणजे काय होतं ते तुला सांगायला नको. ती बिचारी तीनदा तोंड उघडायला गेली आणि तीनदा मी ते बंद केलं. तेवढ्यात मला भिंतीवरचा फलक दिसला, "प्रवाशांचे हक्क". कुणी वाचत नसणार, वर धूळ होती. मी उभ्या उभ्या अख्खा फलक वहीत उतरवून घेतला. विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान, आणि दोन्हींतलं काय घ्यायचं ते प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही. ताटकळत ठेवलं तर खाणंपिणं त्यांनी द्यायचं, मुक्काम पडला तर राहायची सोय त्यांनी करायची. आणि दोन आठवडे आधी कळवलं नसेल, तर वर भरपाईसुद्धा. वादळ, धुकं असलं तर भरपाई मागता येत नाही म्हणे, पण त्या दिवशी आभाळ इतकं लख्ख होतं की कंपनीला लाज वाटावी.

ताई, मला त्या फलकाने झपाटलंच. आपल्यासारख्या माणसाचं एवढं काही भिंतीवर लिहून ठेवलेलं असतं आणि आपण त्याच भिंतीला टेकून चडफडत बसतो! चहाचं कुपन मी तिथेच वसूल केलं. चहा पांचट होता, पण हक्काचा होता.

संध्याकाळी घरी आले आणि तक्रार लिहायला घेतली. पैसे त्यांनी परत केले, पण भरपाईला कंपनीचं उत्तर एकच: आपणांस मुदतीत कळवले होते. मी लिहायचे: कळवलेले नाही. ते लिहायचे: कळवलेले आहे. अशी सात पत्रं झाली. मालक म्हणायचे, "एखादी कवळीही करा अधूनमधून." शेवटी मी प्रवाशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीत अर्ज टाकला आणि परवाच्या शुक्रवारची तारीख मिळाली.

जाताना मी इस्त्रीचे कपडे घातले, वही घेतली. रस्ताभर भाषण घोकलं. कचेरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, एक पंखा, एक टेबल. टेबलामागे सुनावणीच्या बाई, चष्मा साखळीला अडकवलेला. कंपनीचा माणूस माझ्यापेक्षा लहान, मांडीवर लॅपटॉप. मी उभी राहिले आणि दणक्यात सुरुवात केली. "बाई, मला एका शब्दाने कळवलं असतं तर मी इथे आलेच नसते!"

बाई म्हणाल्या, "बसून बोला."

मग कंपनीचा माणूस वाचायला लागला. सूचना पाठवली, विमानाच्या अठरा दिवस आधी. पोचली. उघडून वाचली गेली. त्याच दिवशी दुपारी प्रवाशाकडून उत्तर आलं की पर्यायी विमान मान्य आहे, दुसऱ्या दिवशी सकाळचं. मी म्हटलं, "थापा!" बाईंनी मला हाताने गप्प केलं. तो पुढे वाचत होता.

"विशेष सूचनेच्या रकान्यात प्रवाशाने लिहिलंय: 'पुढची जागा द्या, खिडकीची. मागे बसलं की हिला मळमळतं. आणि उतरायच्या आधी हिला उठवा, ही झोपून राहते.'"

ताई, बावीस वर्षं दातांच्या धंद्यात आहे, पण दातखीळ बसते म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं.

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "'हिला' म्हणजे कुणाला? तुम्ही स्वतःला 'हिला' म्हणता का?"

"नाही."

"मग हे कुणी लिहिलं? हा मोबाइल नंबर तुमचा नाही का? शेवटचे आकडे अठ्ठेचाळीस एकवीस."

अठ्ठेचाळीस एकवीस. मी वही मिटली.

इथे उठावं लागतंय. मालकांनी दोनदा डोकावून पाहिलं आणि भट्टीत मेण जास्त तापलंय. उरलेलं सकाळी लिहिते.

मंगळवार, सकाळी सात

हां. चहा घेतला, खिडकी उघडली, आता लिहिते. काल पत्र बॅगेत घालून घरी आणलं आणि सारखं काढून वाचत बसले.

तो नंबर तिकिटावर कसा गेला, ते सांगायला हवं. मला माझा स्वतःचा नंबर पाठ नाही, ताई. कुणी विचारला तर फोनमध्ये बघून सांगते. पाठ एकच आहे, तुझा. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, तू वीस. बाबा घरी यायचे ते झोपण्यापुरते. तेव्हापासून शाळेच्या फॉर्मवर, दवाखान्यात, पुढे इथल्या नोकरीच्या कागदावर, जिथे म्हणून "कुणाला कळवायचं" असा रकाना आला तिथे माझा हात तुझंच काहीतरी लिहीत आला. आधी तुझं नाव, मग पत्ता, मग नंबर. तिकीट काढतानाही हाताने तेच केलं. डोक्याला विचारलंसुद्धा नाही. नऊ वर्षं आपण बोललो नाही, आणि नऊ वर्षं मी प्रत्येक कागदावर तुला कळवा म्हणून लिहिते आहे. मला शुक्रवारी त्या खोलीत हे पहिल्यांदा समजलं.

म्हणजे विमान रद्द झाल्याचं तुला कळलं, मला नाही. आणि मी येणार होते हेही तुला तिथेच कळलं. अठरा दिवस आधी! अठरा दिवस तुझ्या हातात होते, आणि तू "येऊ नकोस" म्हणाली नाहीस. उलट पुढची जागा मागितलीस. खिडकीची! मी त्या सुनावणीत हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. कंपनीच्या माणसाने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे केला.

पण त्याचं वाचून संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते विमान तुमच्याकडे नऊ चाळीसला उतरलं. प्रवासी आलाच नाही, अशी नोंद. मग दहा वीसला त्याच नंबरवरून विचारणा: "माझी बहीण बाहेर आली नाही. झोपून राहिली असेल, जरा बघता का?" मग एक पंधराला पुन्हा: "ती विमानात बसली होती का, तेवढंच सांगा." कंपनीचं उत्तर: दुसऱ्या प्रवाशाची माहिती देता येत नाही.

ताई, तू साडेतीन तास उभी होतीस. ज्या बाईने बाहेर जाणं सोडलं होतं ती तोंडावर हात धरून विमानतळावर साडेतीन तास उभी होती, आणि मी इकडे घरी बसून "तक्रारदाराचा अतोनात मनस्ताप" असं ठळक अक्षरांत लिहीत होते.

मला माहीत आहे तुला काय वाटलं असेल. पुन्हा यायचं ठरवलं आणि पुन्हा आली नाही. मावशीलाही तू यातलं काही बोलली नाहीस. तू बोलणार नाहीसच.

आता जे लिहायला मला काल भट्टीचं निमित्त लागलं, ते लिहिते. काउंटरवरची ती मुलगी म्हणत होती, "तुमच्या नावावर उद्या सकाळची." जागा, असंच म्हणणार होती ना ती? मी तिला बोलू दिलं नाही. तीनदा. का, ते ऐक. विमान रद्द झालंय असं तिने म्हटलं तेव्हा मला आधी राग आला नाही. आधी हायसं वाटलं. तुझ्या दारात उभं राहायचं, तू दार उघडणार, मग मी काय बोलणार, हे सगळं टळलं. राग मागून आला, आणि आला तो बरा झाला, कारण त्याच्या आड लपता आलं. सात पत्रं, वही, भाषण, सगळं त्याचसाठी. चूक कंपनीची ठरली की न येण्याची चूक माझी उरत नव्हती.

आणि दुसरं. नऊ वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं की तुझ्या लग्नाच्या दिवशी अचानक काम निघालं. काम नव्हतं. मी नवे कपडे घालून बसस्टँडवर बसले होते. दोन बसेस समोरून सोडल्या आणि घरी परत आले. मावशीने नंतर सांगितलं की नोंदणीच्या कागदावर साक्षीदाराच्या जागी तू माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतंस, कचेरी बंद व्हायच्या वेळेपर्यंत वाट पाहिलीस, आणि शेवटी नाव खोडून शिपायाची सही घेतली. तू अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लग्न करतेस याचं मी हसं केलं. ज्या बसमध्ये मला मळमळायचं ती चालवणाराच बरा मिळाला तुला, असंही म्हणाले. ते सगळं वरवरचं होतं. खरं म्हणजे मला भीती वाटली होती. आता ताई दुसऱ्या कुणाची होणार आणि मी कुणाची राहणार? छत्तीस वर्षांची घोडी होते मी, आणि आठ वर्षांच्या पोरीसारखी स्टँडवर फुरंगटून बसले होते.

लिहिलं एकदाचं. आता पुन्हा सुनावणीवर येते, कारण खरी गंमत पुढेच आहे.

बाई भल्या होत्या. कागद बाजूला सारून म्हणाल्या, "तुमचा दावा अजून उभा राहू शकतो. सूचना तुम्हाला मिळाली नाही हे खरं दिसतंय. एवढंच लिहून द्या, की नंबर चुकून पडला आणि या बाईंना तुमच्या वतीने काही ठरवायचा अधिकार नव्हता. त्यांनी विमान मान्य केलं ते मग तुमच्यावर बंधनकारक राहणार नाही."

कोरा कागद माझ्यासमोर आला. कंपनीच्या माणसाचं तोंड पडलं होतं. चार महिने ज्यासाठी जिवाचं रान केलं ते एका ओळीवर आलं होतं, ताई. एक ओळ, खाली सही. जिंकलेच होते.

मी विचारलं, "अधिकार नव्हता, असंच लिहावं लागेल?"

"तसंच."

"मग नाही लिहीत. तिला अधिकार आहे."

"कधीपासून?" बाईंनी अगदी कचेरीच्या आवाजात विचारलं. लिहूनही घेत होत्या.

"मी आठ वर्षांची असल्यापासून."

त्यांनी तेही लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "मग दावा फेटाळावा लागेल. सूचना मुदतीत मिळाली, असं धरावं लागेल."

"धरा," म्हटलं. "मिळालीच की. घरातच मिळाली."

त्यांनी लिहिलं, मी सही केली. ठळक, शेपटासकट. एका कचेरीत, एका कागदावर, तुझ्या बाजूने माझी सही एकदाची झाली. नऊ वर्षं उशिरा, आणि कागद चुकीचा, पण झाली. बाहेर आल्यावर जिन्यात कंपनीच्या माणसाने गाठलं. म्हणाला, "मॅडम, हरल्यावर एवढं हसणारं कुणी पाहिलं नव्हतं. तुमच्या ताईंना नमस्कार सांगा." सांगितला.

नवं तिकीट काढलंय. शनिवार, पाच एप्रिल, तुमच्याकडे नऊ चाळीस. मी "येते" म्हणत नाही. तो शब्द मी नासवून ठेवलाय, तो पुन्हा तुझ्यासमोर आणणार नाही. नंबराच्या रकान्यात मात्र तुझाच नंबर घातला आहे, या वेळी डोक्याला विचारून. विमानाला उशीर झाला, रद्द झालं, काही झालं तरी तुलाच आधी कळेल. जे ठरवायचं ते तू ठरव. यायला नको असेल तर तसंही कळव. कंपनीला कळवू नकोस पण, मला कळव. माझा नंबर खाली लिहिते आहे, फोनमध्ये बघून.

पावडर या वेळी डब्यात नीट, वर चिठ्ठी चिकटवून. तुझ्या दातांचं मी बघितलंय मनाशी. त्या डॉक्टरने सरळ ओळीत चकचकीत दात लावले असणार, म्हणूनच ते तुला आपले वाटत नसतील. तुझ्या समोरच्या दोन दातांत फट होती, तिच्यातून शिट्टी घालून तू मला गल्लीतून घरी बोलवायचीस. ती फट मी ठेवणार आहे. आधी माप, मग मेण, मग दात बसवून बघायचे, मग घासाघीस. आठ दिवस तरी लागतात. मी नाही म्हणत, धंदाच म्हणतो.

तोपर्यंत शिट्टी वाजायची नाही तुला, ठाऊक आहे. दाराबाहेर नुसती उभी राहा. मी जागी राहून उतरेन.

भावोजींना माझा नमस्कार. हा शब्द पहिल्यांदाच लिहिते आहे, त्यांना वाचून दाखव.

ज्या भिंगरीला उतरताना उठवावं लागतं, ती,
तुझी
भिंगरी